खोकला कापता, मग थाप का ठेवता?

पॉडकास्ट सहसा थेट चालू नसतो. आधी ध्वनिमुद्रण होतं, मग संकलन, आणि चार-आठ दिवसांनी तो यूट्यूबवर चढतो. मधल्या दिवसांत एक पोरगा हेडफोन लावून संगणकासमोर बसतो. पाहुण्याचा खोकला कापतो, ‘अं… म्हणजे…’ कापतो, खुर्चीची कुरकुर कापतो, खिडकीबाहेरच्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा कापतो. इतकी बारकाई करणाऱ्यांच्या कार्यक्रमात पाहुण्याची थाप मात्र शाबूत राहते. तीच उचलून चाळीस सेकंदांची रील होते. वाक्यातला ‘असं काही जण म्हणतात, पण’ नेमका कात्रीत जातो. वर पिवळी जाड अक्षरं आणि आ वासलेला चेहरा चिकटतो. मग वाद पेटतो आणि निवेदक हात झटकतो: ‘ते पाहुण्यांचं वैयक्तिक मत होतं. मी फक्त ऐकत होतो.’

साफ खोटं. काय ठेवायचं, काय काढायचं आणि रील कशाची करायची, हे सगळं तुम्ही ठरवलंत. संपादकाचं काम तुम्ही केलंत, तर संपादकाची जबाबदारीही तुमचीच.

कोल्हापूरच्या वाचकाला हे पटवायला लांबचा दाखला शोधायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांना हा धडा आपल्याच दरबारावरून मिळाला. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. वर्षही पुरतं उलटलं नव्हतं, तोवर दोन्ही पत्रं कोल्हापूरच्या प्रकरणात उतरली. चौथे शिवाजी महाराज तेव्हा ऐन तारुण्यात होते. त्यांना वेडं ठरवून नजरकैदेत ठेवलं जातंय, त्यांचे हाल होतायत, अशी कुजबुज होती. बोट होतं कारभारी माधवराव बर्व्यांकडे. बर्व्यांच्या नावाची काही पत्रं संपादकांच्या हाती आली, ती खरी धरून मजकूर छापला गेला. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकर या संपादकांनी माफी मागितली, पण बर्वे मागे हटले नाहीत. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, ते तरुण महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. म्हणजे महाराजांच्या जिवाची जी काळजी संपादकांना वाटत होती, ती वाऱ्यावरची नव्हती. प्रश्न खरा होता, पुरावा खोटा होता. आणि कोर्टात निकाल लागला तो पुराव्याचा. कारभाराबद्दल जाब विचारायचा तो बाजूला पडला आणि जाब विचारणारेच पिंजऱ्यात उभे राहिले.

पडताळणीचा आग्रह धरायचा तो याच्यासाठी. सरकार खूश राहावं म्हणून कुणी तारखा तपासायला नकोत, जमाव शांत राहावा म्हणूनही नकोत. तपासायच्या त्या आपण ज्याच्या बाजूनं बोलतोय त्याच्यासाठी. निष्काळजी बोलणाऱ्याच्या हातून पहिला बळी जातो तो खऱ्या प्रश्नाचा, आणि बहुतेक वेळा तो प्रश्न अशा माणसाचा असतो ज्याला स्वतःला बोलायची सोय नसते.

आता २०२५ च्या फेब्रुवारीकडे या. त्या एका महिन्यात महाराष्ट्रानं बोलण्यावरून जेवढी डोकी तापवली, तेवढी क्वचितच कधी तापवली असतील. महिन्याच्या सुरुवातीलाच अभिनेते राहुल सोलापूरकर यांचं एका पॉडकास्टमधलं वाक्य बाहेर पडलं: आग्र्याहून सुटताना पेटारे-बिटारे काही नव्हते, छत्रपती शिवाजी महाराज लाच देऊन बाहेर पडले. राज्यभर निदर्शनं झाली, सोलापूरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, भांडारकर संस्थेच्या विश्वस्तपदाचा राजीनामा दिला. पाठोपाठ यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया यांनी ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमात आईबापांबद्दल विचारलेला घाणेरडा प्रश्न देशभर गाजला. मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयानं अटकेपासून संरक्षण दिलं, पण पासपोर्ट जमा करायला लावला आणि कार्यक्रम थांबवला. मार्चमध्ये सभ्यतेची अट घालून त्यांचा पॉडकास्ट पुन्हा सुरू करू दिला.

ही दोन प्रकरणं एका पारड्यात टाकू नका. दुसऱ्यात होती ती निव्वळ असभ्यता. तिच्यावर इलाज प्रेक्षकाच्या अंगठ्यात आहे: बंद करा, पुढं सरका. त्यासाठी अनेक राज्यांचे पोलीस कामाला लावणं म्हणजे पोलिसांचा वेळ मातीत घालणं. पहिल्यात प्रश्न इतिहासाचा होता, म्हणजे पुराव्याचा. आग्र्याच्या सुटकेबद्दल बोलायला समकालीन साधनं आहेत. जयपूर दरबारची त्या वेळची राजस्थानी पत्रं जदुनाथ सरकार आणि रघुबीर सिंह यांनी इंग्रजी भाषांतरासह छापलेली आहेत. पेटाऱ्यांच्या कथेवर अभ्यासकानं शंका घ्यावी, खुशाल घ्यावी. पण माइकसमोर अशी शंका आली की निवेदकानं त्याच क्षणी विचारायचं: ‘कागद कुठला?’ दोन शब्दांचा प्रश्न. या दोन शब्दांनी गप्पांचा इतिहास होतो. ते न विचारता ‘बापरे, हे तर कुणी सांगितलंच नाही!’ म्हणत मान डोलावली, तर ऐकणाऱ्या लाखभर माणसांना तुम्ही अर्धवट सोडून दिलंत.

त्याच महिन्याच्या शेवटी कोल्हापूरची पाळी आली. ‘छावा’ चित्रपटाच्या निमित्तानं संभाजीराजांच्या अटकेबद्दल इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत साधनांच्या आधारे बोलले. २५ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर त्यांना फोन आला. शिव्या, धमकी, आणि वर शिवाजी महाराज-संभाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह बोलणं. सावंतांनी ते संभाषण लोकांसमोर ठेवलं आणि पोलिसांत तक्रार दिली. नागपूरच्या प्रशांत कोरटकर यांच्यावर जुना राजवाडा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तो आवाज आपला नाही, असं कोरटकर यांचं म्हणणं. मार्चमध्ये त्यांना तेलंगणातून पकडून आणलं, एप्रिलमध्ये जामीन झाला.

सावंत वागले ते मराठी पॉडकास्टवाल्यांनी गिरवावं असं आहे. बोलण्याआधी साधनं पाहिली होती. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या चेहऱ्यानं बोलले. धमकी आली तेव्हा शिवीला शिवी दिली नाही, पोरं गोळा केली नाहीत, कायद्याच्या दारात गेले. अभ्यास करून बोलणारा माणूस ताठ उभा राहू शकतो, कारण त्याला कुठलं वाक्य गिळावं लागत नाही.

आणि आपण कोल्हापूरकर? धमकीविरुद्ध शहर एक झालं, ही अभिमानाची गोष्ट. पण कोरटकर कोर्टात आले तेव्हा आवारातच एका वकिलानं त्यांच्या अंगावर जाण्याचा प्रयत्न केला. काळा कोट घातलेल्या माणसानं! मला याची लाज वाटली आणि ती बोलून दाखवायला हवी. दहशत वाईट असेल तर ती आपल्या बाजूची असली तरी वाईट. आरोपीला मारायला हात उगारला की फिर्यादीची बाजू लंगडी होते. शाहूंच्या गावात न्याय कोर्टात होऊ द्या, पायरीवर नको.

शब्दाला हातानं उत्तर दिलं की काय होतं हे या शहरापेक्षा जास्त कुणाला ठाऊक आहे? गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ लिहिलं. छोटं पुस्तक, साधी भाषा, गावोगाव सभांतून मांडलेलं. ज्याला पटलं नाही त्याला दुसरं पुस्तक लिहायची, सभा घ्यायची, प्रश्न विचारायची पूर्ण मुभा होती. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी पानसरे अण्णा आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी परतत होते. सागरमाळ परिसरात, घराजवळ, दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला अण्णा गेले. वय ८१. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या काही स्टेटसवरून इथंच दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस टाकणाऱ्यांची चूक जी काही असेल ती असेल. दुकानं फुटली ती मात्र तिसऱ्याचीच.

म्हणून ‘त्यानं बोलायलाच नको होतं’ हे वाक्य मला तोडफोडीच्या दुसऱ्या दिवशी ऐकवू नका. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या गाण्यावरून मुंबईत खारचा ‘हॅबिटॅट’ स्टुडिओ फोडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी तिथं महापालिका हातोडे घेऊन पोचली. आदल्या दिवसापर्यंत जे बांधकाम कुणाला खुपत नव्हतं, ते गाण्यानंतर लगेच खुपलं. बोलणाऱ्याला धडा शिकवायला पालिकेचा हातोडा वापरणं हा सत्तेचा उघड गैरवापर आहे. तो उद्या तुमच्या दारातही येईल, पक्ष कुठलाही असो.

कायद्याबद्दलही सरळ बोलू. घटनेचं १९ वं कलम अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात मर्यादाही मोजून सांगतं: बदनामी, न्यायालयाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, चिथावणी वगैरे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे त्या यादीत नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं फक्त पसंतीची खूण केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमानं हे शक्य झालं, ते सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पानसरेंना जाऊन जेमतेम महिना झाला होता. आणि २८ मार्च २०२५ ला कवी-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयां यांनी पोलिसांना बजावलं: बोललेल्या शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, विचारी माणसाच्या मापानं मोजा. शब्दाशब्दांत धोका दिसणाऱ्यांचं माप धरू नका. प्रत्येक पोलीस ठाण्यात हा निकाल भिंतीवर लावावा.

टिळक-आगरकरांना ज्या फौजदारी बदनामीनं तुरुंगात धाडलं, ती आजच्या न्याय संहितेत ३५६ व्या कलमात आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसकट. खोट्या आरोपानं माणसाचं नुकसान झालं तर भरपाई द्यायला लावा, जाहीर माफी मागायला लावा. शब्दासाठी कोठडी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कोठडी नको म्हणणाऱ्यानं भरपाई आणि माफी तरी मनापासून मान्य करावी.

तेव्हा पॉडकास्टवाल्या दोस्तांनो, तुम्हाला सरकारी सेन्सॉर नको ना? मलाही नको. मग तुमची शिस्त तुम्ही लावा. नाव घेऊन आरोप झाला तर तो भाग चढवण्याआधी त्या माणसाला फोन करा आणि त्याचं उत्तर त्याच भागात ठेवा. पाहुण्यानं सनावळी सांगितली तर ती उघडून पाहा. रील कापताना वाक्य मुळात जिथं संपलं तिथंच संपू द्या. चूक झाली तर दुरुस्ती वर्णनाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ‘अधिक वाचा’च्या आड लपवू नका. थाप चाळीस सेकंदांच्या रीलमधून पसरली असेल तर दुरुस्तीही चाळीस सेकंदांच्या रीलमधूनच द्या, तितक्याच मोठ्या पिवळ्या अक्षरांत. त्या थापेवर जाहिरातीचे पैसे मिळाले आहेत, तर दुरुस्तीवर थोडे खर्च करा.

ऐकणाऱ्यांनाही सुटका नाही. कोल्हापुरात एकमेकांना आव्हान द्यायची जुनी रीत आहे: बिंदू चौकात या, समोरासमोर बोलू. फुले आणि आंबेडकरांचे पुतळे ज्या चौकात १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीत उभे राहिले, त्या चौकात वाद शब्दांनी करायचा असतो. पटलं नाही तर कागद काढा, व्हिडिओ करा, पत्र लिहा, सभा घ्या. फॉरवर्ड करण्याआधी पूर्ण भाग ऐका. दोन तासांचा भाग ऐकायला वेळ नसेल तर त्यावर मत द्यायलाही वेळ नाही असं समजा.

शेवटचं, बर्वे प्रकरणातलंच. टिळक-आगरकरांवर खटला उभा राहिला तेव्हा दहा हजारांचा जामीन भरायला रामशेठ उरवणे पुढं आले. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक मंडळींतले. पुण्याच्या त्या संपादकांच्या गोटाशी त्यांचं काही जमावं असं नव्हतं. तरी त्यांनी पैसे मोजले, कारण राजासाठी आवाज उठवणाऱ्या माणसांना एकटं पडू द्यायचं नव्हतं. आज आपल्याकडे आपापल्या बाजूच्या बोलणाऱ्यासाठी गळा काढणारे रग्गड आहेत. न पटणाऱ्यासाठी जामीन भरणारे किती? अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर पुढचा पॉडकास्ट करायचा असेल तर हा प्रश्न पाहुण्याला पहिला विचारा, आणि त्याच्याआधी स्वतःचं उत्तर तयार ठेवा.