वणव्याचे पहारेकरी व्हा, एका रात्रीत

सगळ्यात आधी माँटानातल्या ट्रॉय गावी पोहोचा. राज्यातली सर्वांत सखल वस्ती हीच, जेमतेम 1,900 फुटांवर. म्हणजे इथून जिकडे जाल तिकडे चढच. वर्षाची रजा काय उगाच साठवली होती?

1. बुकिंग. याक माउंटनवरचा टेहळणीचा मनोरा वनखातं भाड्याने देतं. चहूकडे काचा, आत पाणी नाही, वर सामान चढवायचं तुम्हीच. तारखा खुल्या होताच तुटून पडा. पूर्वी इथे राहण्याचा पगार मिळायचा. अडाणी लोक होते.

2. इतिहास पाठ करा, धाप लागली की थांबायला सबब होते. ऑगस्ट 1910 मध्ये दोन दिवसांत या भागातलं सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं. ऐंशीहून जास्त माणसं गेली, बहुतेक आग विझवणारी. मग शिखराशिखरावर चौक्या आल्या आणि 1935 मध्ये हुकूम निघाला: दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात. आगी विझत गेल्या, जंगलात सरपण साठत गेलं, आणि त्यानेच पुढचे वणवे जास्त भडकतात हे कळायला काही दशकं लागली. वक्तशीरपणाला तेवढं चालायचंच.

3. भाड्याच्या मनोऱ्याने समाधान झालं नाही तर 7,700 फुटांवरच्या नॉर्थवेस्ट पीकची जुनी चौकी गाठा. उतरणाऱ्यांना “अजून किती?” विचारू नका. सह्याद्रीत “आलंच” म्हणून धीर देतात. इथले लोक खरे मैल सांगतात. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून मोठ्याने बोलत चला असं म्हणतात. भेळेसाठी कांदा आणायचं कोण विसरलं, एवढा विषय शिखरापर्यंत पुरतो. अस्वलाचा स्प्रे मात्र हाताशी ठेवा, थेपल्यांच्या खाली नको.

4. प्रत्यक्ष पहारा. जुन्या चौकीत मधोमध ऑस्बोर्न यंत्र असे: गोल नकाशा, वर नेम धरायची पट्टी. दोन चौक्यांनी धुराची दिशा कळवली की रेषा छेदतात तिथे आग. विजा कडाडल्या की पहारेकरी काचेच्या पायांच्या स्टुलावर चढे. तुम्ही घरून प्लास्टिकची खुर्ची आणू नका, तेवढ्यासाठी खाली उतरलेलंच बरं.

5. ऑगस्टमध्ये आलात तर आसपासच्या वणव्यांच्या धुराने समोरचा डोंगरही दिसेनासा होऊ शकतो. खचू नका. फोटोखाली “धुक्यात हरवलेली वाट” लिहा.

6. खरोखरच नवी आग दिसली तर ताबडतोब कळवा. रेंज बहुधा नसेलच, तेव्हा आधी डोंगर उतरा. जुन्या पहारेकऱ्याकडे टेलिफोनची तार होती. तुमच्याकडे नुसता आयफोन आहे.