हद्दीपलीकडची सून

जव्हारहून उत्तरेला निघालात की महाराष्ट्र नेमका कुठं संपला ते कळत नाही. पाटीवरची लिपी बदलते, दारूचे भाव बदलतात, माणसं मात्र तीच असतात. वारली, कोकणा, कातकरी. दादरा-नगर हवेलीतली मुलगी जव्हार-मोखाड्यात पडते, इकडची तिकडे जाते, आणि या सोयरिकीला कुणी ‘आंतरराज्य विवाह’ म्हणत नाही. तो शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो दाखल्याच्या खिडकीवर.

माझ्या एका मित्राची बायको खानवेलकडची. लग्नाला सहा वर्षं झाली. गावच्या अंगणवाडीत मदतनीस घ्यायची होती, आणि त्यासाठी उमेदवार स्थानिक रहिवासी लागते. म्हणून वहिनी, मित्र आणि ‘साहेबांशी बोलायला’ म्हणून मी, असे तिघं एका खिडकीवर गेलो. कुठल्या ते विचारू नका, मला तिथं पुन्हा जायचंय.

साडीच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, आणि आत घडीवर फाटत आलेला शाळेचा दाखला. गुजरातीत. ऑपरेटरनं तो उलटा धरला, सुलटा धरला.

“मराठीत आणा.”

“शाळा तिकडची आहे ना, दादा.”

“मग तिकडूनच मराठीत आणा.”

पुढचा कागद विवाह नोंदणीचा. त्या नमुन्यात पुरोहिताच्या सहीला जागा असते. वारल्यांची लग्नं लावते धवलेरी, म्हणजे बाई. त्या जागी तिचा निळा अंगठा होता. “भटजींचा अंगठा?” असं विचारून ऑपरेटरनं त्यावर पेन्सिलनं गोल केला. आमच्या भाषेत याला त्रुटी काढणं म्हणतात. बरं, हिचं लग्न तरी रीतसर लागलं होतं. इथं खर्च झेपत नाही म्हणून कित्येक जोडपी आधी संसार करतात आणि पोरं चालायला लागल्यावर सामुदायिक सोहळ्यात बाशिंग बांधतात. त्यांच्या अर्जाला किती गोल पडत असतील!

मग अधिवास. त्याला महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. मोखाड्यात आलेल्या सुनेला पाण्याची वाट, सासूचा स्वभाव आणि भाताची लावणी कळायला एक पावसाळा पुरतो. सरकारला पंधरा लागतात.

जमातीच्या दाखल्याची गंमत तर आणखी न्यारी. वारली दोन्हीकडच्या यादीत आहेत. पण यादी ज्या त्या राज्यापुरती, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली सांगितलं. पंजाबातून उत्तराखंडात सून होऊन गेलेल्या एका वाल्मीकी बाईलाही २०१८ मध्ये तेच उत्तर मिळालं. थोडक्यात, बायको म्हणून सासरी राहा, सवलतीपुरती माहेरी जा. इथं मोजायची तारीख ६ सप्टेंबर १९५०. त्या दिवशी तुमचे आजोबा कुठं राहत होते, असं वहिनीला विचारलं. आजोबा घरीच होते हो! घर तेवढं पोर्तुगालच्या ताब्यात होतं.

तो मुलूख १९५४ साली सुटला. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला, की दमणहून तिथं जायला खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, फौजेला नव्हता. वहिनी खासगी माणूस आहे, फौज नाही. पण निकालाची साक्षांकित प्रत आमच्याजवळ नव्हती. पुढं ११ ऑगस्ट १९६१ ला बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसासाठी तिथले पंतप्रधान करून नेहरूंसमोर करारावर सही घेतली आणि सगळा प्रदेश भारतात आला. अख्ख्या मुलखाचं काम एका दिवसात झालं.

जव्हारचंही तसंच. १९४८ पर्यंत मुकण्यांचं संस्थान, मग ठाणे जिल्हा, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. जागचं न हलता इतके पत्ते बदलले, कुणी पंधरा वर्षांचा पुरावा मागितला नाही. हद्दीपलीकडची दारूची बाटलीसुद्धा आपल्यापेक्षा नशीबवान. हद्दीत सापडली की तिचा पंचनामा होतो, दोन पंच सह्या करतात, ती कुठून आली आणि कुणाकडं होती हे लिहून घेतात. वहिनीची एवढी नोंद अजून कुणी केलेली नाही.

एकदाच सरकार विरघळलं. जून २०२४ च्या अखेरीस लाडकी बहीण योजना आली, विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती. पहिल्या आठवड्याभरातच दुरुस्ती निघाली: परराज्यात जन्मलेल्या बाईनं महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला चालेल. मित्राचा सातवीचा दाखला बाहेर आला आणि वहिनीच्या खात्यात महिन्याला दीड हजार येऊ लागले. म्हणजे सरकारनं तिला बहीण मानलं, या गावची सून मानायचं तेवढं राहिलं. मी खिडकीवर म्हटलं, “जो कागद बहीण व्हायला चालतो, तो रहिवासी व्हायला का नाही?” ऑपरेटर म्हणाला, “ती योजना वेगळी, हा दाखला वेगळा.” माणूस खोटं बोलत नव्हता.

अर्ज ‘प्रलंबित’ आहे. राहत्या घराची चौकशी करायला कुणीतरी येणार, असं सांगितलंय. दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि दोघं पोराला घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली. चौकशीला येणाऱ्यांनी पावसाळ्यात यावं. तोवर घराला कुलूप आहे.