श्पीट्सची सहा मिनिटं

युरोपचा नकाशा माणसाला हावरट बनवतो. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये अख्खी रात्र काढून नागपूर गाठणारा शहाणासुरता माणूस ‘पॅरिस ते ब्रुसेल्स दीड तास’ हे वाचतो आणि त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते. दीड तासात आम्ही डोंबिवलीहून सीएसएमटी गाठतो, तेही गाडी वेळेवर असली तर. मग एवढ्यात जर देश बदलत असेल तर न बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

भावोजींचाही तोच होता. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. सरकारी बँकेतून निवृत्त झाले, पण बँक अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. बसने जाणारी सहल ताईने आधीच निकालात काढली होती. जाहिरातीतल्या रंगीत पानावर दहा देश होते, पण ‘पहाटे सहाला बॅगा खोलीच्या दाराबाहेर’ ही ओळ तिने बरोबर हेरली. शिवाय तिला बस लागते. तेव्हा रेल्वेने, आपले आपण, चौघांनीच जायचं ठरलं. त्या रात्री भावोजींनी एक एक्सेल शीट उघडलं. त्यात लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना, प्राग आणि म्युनिक एवढी शहरं होती. रजा होती माझी आणि बायकोची, तीही जेमतेम दीड आठवड्याची.

लंडन पहिल्याच बैठकीत गेलं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे त्याचा व्हिसा वेगळा आणि फीही वेगळी. समुद्राखालच्या बोगद्यातून जायचं भावोजींचं स्वप्न होतं, ते फीच्या रकान्यात बुडालं.

“पण हे शेंगेन करायचंय ना आपल्याला?” ताईने विचारलं. “सगळे म्हणतात शेंगेन, शेंगेन. तिथे किती रात्री?”

आम्ही हसलो. भावोजी हसले नाहीत, त्यांनी शोधलं. तर शेंगेन हे खरोखरचं गाव निघालं. लक्झेंबर्गमध्ये, मोझेल नदीच्या काठी. १९८५ साली त्याच नदीत उभ्या असलेल्या बोटीवर पाच देशांनी सीमेवरची तपासणी हटवण्याच्या करारावर सह्या केल्या, म्हणून त्या करारालाच गावाचं नाव पडलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण पुढे असंही कळलं की लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून रेल्वे, ट्राम आणि बस सगळ्यांना फुकट आहे. पाहुण्यांनासुद्धा. फक्त पहिल्या वर्गाचे पैसे पडतात.

“फुकट?” भावोजी म्हणाले आणि यादीत बारावं नाव चढलं.

त्यानंतरचा आठवडा युरेल पासात गेला. युरोपबाहेरच्या लोकांसाठी १९५९ पासून मिळणारा हा पास. महिन्याभरात अमुक दिवस निवडायचे आणि त्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत हव्या तेवढ्या गाड्या पकडायच्या. भावोजींनी जन्मभर लोकलचा पास खिशात बाळगलेला, त्यामुळे पास या गोष्टीवर त्यांची श्रद्धा. ती फ्रान्समध्ये ढळली. तिथल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी जागेचं आरक्षण घ्यावंच लागतं, त्याचे पैसे वेगळे, आणि पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच.

“पास काढून वर पैसे? मग पास कशाचा?”

उलट, स्वित्झर्लंडमधल्या नेहमीच्या गाड्यांना आरक्षण लागतच नाही, तिकीट घ्यायचं आणि चढायचं, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा आणखी पडला.

“म्हणजे जनरल डबा?”

शेवटी त्यांनीच बेरीज मांडून दाखवली. तीनचार लांबचे प्रवास असतील तर सुटी तिकिटं लवकर काढलेली स्वस्त पडतात, पास परवडतो तो रोज गाडीत बसणाऱ्याला. फक्त तिथे वेटिंग नाही, आरएसी नाही, तत्काळही नाही. तिकीट असतं, फक्त दर दिवशी महाग होत जातं. आणि जे सगळ्यात स्वस्त ते बहुधा परत होत नाही. आपल्याकडे १२० दिवस आधी मिळणारं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आणलं, त्याचा राग भावोजींनी अजून सोडलेला नाही. तो सगळा राग त्यांनी फ्रेंच तिकिटाच्या चढत्या भावावर काढला. रोज सकाळी चहाबरोबर ते शेअर बाजार बघावा तसा पॅरिसहून स्विस सीमेवरच्या बाझलचा भाव बघत आणि “आज चार युरोने वर!” असं ताईला सांगत. तिकीट मात्र काढत नसत, कारण भाव उतरेल अशी त्यांना आशा होती.

पॅरिसचं स्टेशन कुठलं, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. पॅरिसचं स्टेशन म्हणजे पॅरिस. प्रत्यक्षात तिथे मोठी स्टेशनं अर्धा डझन आहेत. ब्रुसेल्स-ॲमस्टरडॅमच्या गाड्या गार द्यु नोरवर आणि स्वित्झर्लंडला जाणारी गार द लियोंवरून. मध्ये बॅगा ओढत शहर पार करायचं. फलाट कुठला ते गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी बोर्डावर लागतं, आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद. हे ऐकून बायको म्हणाली, “डोंबिवलीकरांना दारं बंद होणारी गाडी झेपेल का, ते आधी बघा.” ब्रुसेल्स आणि ॲमस्टरडॅम त्याच संध्याकाळी गेले. कोलोनही त्यांच्यामागून गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, कारण तिथलं कॅथेड्रल स्टेशनला अगदी चिकटून आहे. बाहेर पाऊल टाकलं की देऊळ, अशी सोय आपल्याकडेही फार ठिकाणी नाही.

स्वित्झर्लंडला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. बायको ‘दिलवाले दुल्हनिया’च्या पिढीतली. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, हे कळल्यापासून भावोजींचाही विरोध मावळला होता. तिथून वर युंगफ्राउयोखला रेल्वे जाते. ३४५४ मीटरवरचं हे स्टेशन १९१२ साली, डोंगर आतून पोखरून, गाठलं. तिकीट दोनशे फ्रँकच्या पुढे जाऊ शकतं. आकडा ऐकून ताईने रुपयात हिशेब केला, मग मोठ्याने चौघांचा केला आणि म्हणाली, “एवढ्यात केदारनाथला हेलिकॉप्टरने जाऊन येऊ.”

खरं रामायण घडलं ते इंटरलाकेन ते व्हेनिस या टप्प्यावर. व्हेनिस भावोजींचं. ॲपने रस्ता दाखवला. इंटरलाकेनहून श्पीट्स, तिथे गाडी बदलायची, मग आल्प्सच्या पोटातल्या बोगद्यांतून मिलान आणि तिथून व्हेनिस. श्पीट्सला बदलायला वेळ, सहा मिनिटं.

“सहा मिनिटांत काय होतं?” ताई म्हणाली. “माझा गुडघा आहे.”

“स्विस रेल्वे आहे ती,” भावोजी म्हणाले. “सहा म्हणजे सहा.”

“रेल्वेची सहा असतील. गुडघ्याची नाहीत.”

मग रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत कवायत झाली. ए विंगचा दुसरा मजला म्हणजे आलेली गाडी, बी विंगचा पहिला मजला म्हणजे सुटणारी. मधलं पार्किंग म्हणजे भुयारी मार्ग. लिफ्ट वापरायची नाही, कारण तिथली लिफ्ट नेमकी कुठे असेल सांगता येत नाही. मोठ्या बॅगेत वीस किलो तांदूळ आणि वजन पुरं करायला रद्दी भरली. वॉचमनला मोबाईलवर वेळ लावायला बसवलं. भावोजींनी दाराशी उभं राहून खरोखर शिट्टी फुंकली.

पहिल्या जिन्यावर बॅगेचं चाक पायरीच्या कडेत अडकलं. मी खालून ढकलतोय, बायको वरून ओढतेय, आणि दोघांच्या मधून ताई एकेक पायरी, उजवा पाय आधी, देवीच्या डोंगरावरून उतरावं तशी उतरतेय. पार्किंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन समोर आल्या.

“अगंबाई, कुठे निघालात एवढ्या सकाळी?”

“श्पीट्सला,” ताई म्हणाली आणि थांबली. काकूंच्या सुनेला दिवस गेलेत, ही बातमी तिथे कळली.

वॉचमनने वेळ सांगितली. तेरा मिनिटं.

“काकूंचे पाच वजा करा,” भावोजी म्हणाले. “तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही.”

“स्वित्झर्लंडमध्ये? मे महिन्यात?” बायको म्हणाली. “डोंबिवलीचं कोणीतरी भेटणारच.”

वजा करूनही आठ राहिली. इटलीत शिरणाऱ्या त्या गाडीला आरक्षण सक्तीचं, म्हणजे चुकली तर पुढचीत नुसतं चढता येणार नाही. त्यातून व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनाबाहेर रस्ता नाही, थेट कालवाच. आणि शहरात चारशेवर पूल, बहुतेक पायऱ्यांचे. स्वस्त हॉटेल हवं तर ते मेस्त्रेला, म्हणजे पाणी ओलांडायच्या आधी, आणि मग रोज गाडीने ये-जा. “इथेही अपडाउनच करायचं तर मी घरीच बरी,” असं ताई म्हणाली. व्हेनिस गेलं. भावोजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. रोम त्यांनी स्वतःच, रागाने, खोडलं.

माझं म्हणणं मी आधीपासून सांगत होतो, पण घरात धाकट्याचं ऐकतं कोण! गाडी दोन तासांची असली तरी दिवस अख्खा जातो. सकाळी बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन शोधा, उतरल्यावर नव्या शहराचं ट्रामचं तिकीट यंत्र कसं चालतं ते शिका, खोली तीनशिवाय मिळत नाही म्हणून बॅगा कुठे ठेवायच्या ते बघा. युरोपची गाडी कितीही धावली तरी या गोष्टी स्लो लोकलनेच होतात. लांबड नको, व्हिएन्ना आणि प्राग याच हिशेबात गेले. लक्झेंबर्ग गेलं तेव्हा मात्र भावोजींनी फुकटपणाला एकदा हात जोडले.

उरलं म्युनिक. तिथे भाचा आहे, त्यामुळे ते कापायचा प्रश्नच नव्हता. इंटरलाकेनहून बर्न, झुरिक आणि मग म्युनिक. भावोजींना वाटलं, आता खरी रेल्वे सुरू होणार. जर्मन म्हणजे वक्तशीर. भाच्याने फोनवर त्यांची समजूत काढली. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर आल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हा तिथे उशीर धरतच नाहीत. स्विस लोक तीन मिनिटांनी मोजतात आणि तरी नव्वद टक्क्यांच्या वर राहतात. फार उशिरा आलेली जर्मन गाडी ते पुष्कळदा बाझललाच थांबवतात आणि पुढे आपली गाडी सोडतात, म्हणजे उशिराची लागण आत नको.

“सोवळंच आहे की हे,” ताई म्हणाली. भावोजी काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी मध्य रेल्वेला जर्मनीची उदाहरणं दिली होती.

भाच्याने त्याच फोनवर आईलाही गार केलं. ताईने नेण्याच्या वस्तूंची वेगळी यादी केली होती. साजूक तूप, खव्याच्या पोळ्या, पेढे, आणि मे महिना म्हटल्यावर एक पेटी हापूस.

“आई, दुधाचं काहीच चालत नाही. युरोपबाहेरून येणाऱ्या माणसाला बॅगेतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायची बंदी आहे.”

“तूप म्हणजे मांस आहे का?”

“दुधाचं आहे ना! आणि आंब्याला वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला लागतो. पाच फळांना तेवढी सूट आहे. केळं, अननस, खजूर, डुरियन आणि नारळ.”

फोनवर थोडा वेळ शांतता.

“नारळ चालतो?” ताई म्हणाली.

“हो.”

“आणि आंबा चालत नाही?”

“नाही.”

“कोणी केलेत रे हे नियम?” असं म्हणून तिने यादीत ‘नारळ २’ लिहिलं. मुलाला नारळ कशाला, हे विचारायची सोय नव्हती. नेता येतो ना, मग न्यायचाच.

अशा रीतीने पॅरिस, इंटरलाकेन आणि म्युनिक राहिलं. रात्री सगळीकडे सारख्याच भरल्या, तेव्हा नियमाप्रमाणे जिथे पहिलं पाऊल पडणार त्या फ्रान्सकडे अर्ज. ३०,००० युरोचा विमा, बँकेचे उतारे, नव्वद युरो फी. भावोजी यात रमले. त्यांनी दिवसागणिक कार्यक्रमाचा तक्ता केला, प्रत्येक दिवसासमोर गाडी, वेळ, स्टेशन, हॉटेल. बारा शहरांच्या जागी तीन राहिल्यामुळे एक घोळ मात्र झाला. इंटरलाकेनमधल्या एका तारखेसमोरचा रकाना पूर्ण रिकामा निघाला. ना गाडी, ना डोंगर.

“इथे लुसर्न घालू,” भावोजी म्हणाले. “जाऊन-येऊन दिवसात होतं.”

“काही घालायचं नाही,” ताई म्हणाली.

“व्हिसावाल्यांना रिकामा रकाना चालत नाही.”

“मग लिहा, कपडे धुणे.”

भावोजींनी लिहिलं. इंग्रजीत, ठळक अक्षरांत, ‘लाँड्री अँड रेस्ट’. मुंबईत कागद देण्याच्या दिवशी काउंटरवरची मुलगी तक्त्यावरून बोट फिरवत त्या तारखेवर आली आणि थांबली. तिने आधी भावोजींकडे बघितलं, मग ताईकडे.

“मॅडम, लाँड्री?”

“हो,” ताई काचेच्या भोकाशी वाकून म्हणाली. “हॉटेलच्या तळघरात मशीन आहे. मी ईमेल करून विचारलंय. साबण आपला न्यावा लागतो.”