देवळात जाऊन येतो

रुक्मिणी घराबाहेर कशी पडली, ते आमच्या वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कौंडिण्यपुरात शिशुपालाशी लग्नाची तयारी चाललेली. ही म्हणाली, जरा अंबादेवीला जाऊन येते. गेली ती थेट द्वारकेला. कौंडिण्यपूरपासून अमरावतीच्या देवळापर्यंत भुयार होतं, असंही जुनी माणसं सांगतात. तेव्हापासून ‘देवळात जाऊन येतो’ म्हणणाऱ्याला आमच्याकडे कोणी उलटा प्रश्न विचारत नाही. फरक एवढाच, की आमच्या घरी हे वाक्य नवरा बोलतो आणि त्याची द्वारका राजकमल चौकाच्या आसपास असते.

मुलं पुण्याला. वऱ्हाडातली मुलं पुण्यालाच असतात, आणि तिथून आईवडिलांना फोनवर शिस्त लावतात. “दोघं घरात बसू नका, फिरा.” त्यात डॉक्टरांनी ह्यांना दोन गोष्टी सांगितल्या : तळलेलं बंद करा आणि चालणं सुरू करा. ह्यांनी दोन्ही सल्ल्यांचा मेळ घातला. आता तळलेल्यापर्यंत चालत जातात.

डिसेंबरातला सोमवार होता. “अवं, चाल, देवीले जाऊन येऊ.” अमरावतीत देवीला जायचं म्हणजे अंबादेवी आणि लगेच शेजारची एकवीरा, एकीला भेटून दुसरीला चुकवता येत नाही. दोन्हीकडे हात जोडून झाले, की भक्तीचा हिशेब पुरा. पुढे परकोटाच्या बाजूनं पाय आपोआप वळतात. पेंढाऱ्यांच्या भीतीनं हा कोट निजामाच्या अमदानीत बांधला गेला, त्याला पाच मोठे दरवाजे ठेवले. पेंढारी गेले, दरवाजे राहिले, आणि दरवाज्यांच्या अल्याडपल्याड गाड्या लागल्या. आम्ही थांबलो ती गाडी गिलावड्याची. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते : डाळीचा वडा तळायचा, मग चांगला भिजू द्यायचा, वर दही, त्यावर चटणी. चटणी अशी, की पहिल्या घासाला दही कशासाठी घातलंय ते कळतं आणि दुसऱ्या घासाला ते पुरत नाही हेही कळतं.

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?” मी विचारलं.

“हे तळेल नाई, भिजेल हाय,” हे म्हणाले, आणि दुसरी प्लेट सांगितली.

मी अकोल्याची. अमरावतीत संसार करून केस पिकले, तरी माझ्यासमोर कोणी अकोल्याला नावं ठेवली की मी भाकरी थापता थापता थांबते. उन्हाळ्यात आमच्या गावचा पारा पंचेचाळिशीपार गेल्याची बातमी आली, की हे मला ती मोठ्यानं वाचून दाखवतात. जणू सूर्य माझ्या माहेरून पाठवलाय. तेच अकोल्याला जायचं म्हटलं, की माझ्याआधी तयार. कारण ‘राजेश्वराचं दर्शन’.

मला बडनेऱ्याहून गाडीनं जायचं होतं. कुरुम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव अशी स्टेशनं मोजत जाण्याची अपडाऊनच्या दिवसांतली सवय. पण ह्यांना रस्ताच हवा. २०२२ च्या जूनमध्ये ह्याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, २५ किलोमीटरच्या थोडा वर, आणि त्याला लागले होते दहा दिवस. हे आकडे ह्यांना तोंडपाठ आहेत. गाडी त्या पट्ट्यावर आली, की ते मला दर वेळी नव्यानं ऐकवतात. मग विक्रमी रस्त्यावरून आम्ही विक्रमी सावकाशीनं जातो. कारण रस्त्याकडेला तुरीच्या ओल्या शेंगा दिसतात, वरुडकडची संत्री दिसतात, मूर्तिजापूरला चहा पिणं भाग असतं, आणि चहा नुसता पिऊ नये असं ह्यांच्या आईनं सांगून ठेवलेलं असतं.

माहेरी भावजयीनं सोल्यांची भाजी केली होती. ओल्या तुरीचे हिरवे दाणे, ज्वारीची गरम भाकर, भेदराची (म्हणजे टोमॅटोची) चटणी, कच्चं तेल. “जवाईबापू, अजून एक भाकर?” सासुरवाडीत डॉक्टरांचा सल्ला लागू होत नाही, असं ह्यांचं ठाम मत आहे. रात्री मी म्हटलं, निदान उद्या चालू या. “उद्या राजेश्वराले पायी जाऊ,” हे म्हणाले. पायी म्हणताच मी हुशार झाले.

राजराजेश्वर अकोल्याचं ग्रामदैवत. दंतकथा अशी, की अकोलसिंग राजाची राणी मध्यरात्री एकटीच ह्या देवळात जायची. राजाला संशय आला. तो नंगी तलवार घेऊन मागोमाग गेला. राणीनं देवाचा धावा केला, पिंड दुभंगली, ती आत गेली, आणि लुगड्याचा पदर तेवढा बाहेर राहिला. लहानपणी ही गोष्ट ऐकून मला रडू यायचं. आता वाटतं, आमच्या दोन्ही शहरांच्या कहाण्यांत बाई खरोखर देवळात जाते, आणि तिच्यावरच नजर ठेवली जाते. इकडे माझा नवरा देवाचं नाव सांगून चौकाचौकांत गायब होतो, आणि माझ्या हातात तलवार सोडा, लाटणंसुद्धा नसतं.

ह्या वेळी गायब झाले ते एका शाळेच्या फाटकापाशी. पोरांच्या घोळक्यात उभं राहून, तळलेल्या पोंग्यांबरोबर तिखट बटाटा खात होते. आलूपोंगा हा पोरांचा खाऊ, हे मी सांगायचं आणि ह्यांनी “म्हणून तं हलका असते” म्हणायचं, हे ठरलेलं. श्रावणात कावडवाले गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजेश्वराला घालतात. हे गांधीग्रामहून गूळपट्टी आणतात.

गुरुवारी शेगाव. गजानन महाराजांचा वार, त्यामुळे दर्शनाची रांग पार बाहेरपर्यंत. रांगेत ह्यांचं वागणं नमुनेदार : शांत, नम्र, पुढच्या म्हातारीची पिशवी धरणारे. समाधीपुढे डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते खोटं नव्हतं. मग स्टेशनची कचोरी. शेगावची कचोरी आकारानं बेताची, त्यामुळे ‘एकच खाल्ली’ असं म्हणायला कोणाला संकोच वाटत नाही, आणि एकावर कोणी थांबतही नाही. बरोबर तळलेली हिरवी मिरची. माझ्या कागदावर अर्धी उरली होती. ह्यांनी ती उचलली आणि गंभीरपणे म्हणाले, “२३ फेब्रुवारी १८७८ ले महाराज पयल्यांदा दिसले, तवा पत्रावळीवरची शितं येचून राह्यले होते. अन्न टाकू नाई माणसानं.” ह्या माणसाशी वाद घालायचा तर इतिहासाची एम. ए. लागते.

शनिवारी २० डिसेंबर. गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली ह्याच तारखेला बाबा वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गेले, आणि त्यांची समाधी अमरावतीत आहे. “देवळात जाऊन येऊ,” हे सवयीनं म्हणाले आणि जरा चपापले. बाबा पंढरपूरला जायचे पण देवळात न जाता बाहेरचा परिसर झाडायचे, असं सांगतात. त्यांच्या नावानं देवळाची सबब सांगणं ह्यांच्याही जिवावर आलं असावं.

समाधीवर डोकं टेकवून बाहेर आलो. बाबांची दशसूत्री लिहिलेली होती. हे चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचायला लागले आणि पहिल्याच सूत्राशी थांबले. भुकेलेल्यांना अन्न.

“पाह्य,” मला म्हणाले, “मी नाई म्हणून राह्यलो. बाबा म्हणून राह्यले.”

मी म्हटलं, बाबा गावात आले की आधी गाव झाडायचे, जेवायचं मागाहून. आवारात काही मंडळी झाडत होतीच; त्यांच्यातल्या एका पोराकडून मी खराटा मागून घेतला आणि ह्यांच्या हातात दिला. बिचाऱ्यांनी निमूट सुरुवात केली. चांगलं झाडत होते, कोपरे धरून. ओळखीची एक बाई भेटली, तिच्याशी दोन शब्द बोलले आणि वळून पाहिलं, तर फाटकापर्यंतचं अंगण लख्ख झालेलं. खराटा फाटकाला टेकवलेला. आणि रस्त्यापलीकडे, भज्यांच्या गाडीभोवतीच्या गर्दीतून एक हात वर करून कोणीतरी मला विचारत होतं, की मिरचीचे सांगू का आलूचे.