चालती करा, चकचकीत नको

कॉव्हेंट्री, इंग्लंड

तीर्थस्वरूप नानाकाका आणि सौ. काकू यांस,

पत्रास कारण की, सांगलीच्या घरी ओसरीवर उभ्या असलेल्या प्रिया स्कूटरवरून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दोन पक्ष पडले आहेत. नानाकाका, तुमचा पक्ष भंगारवाल्याचा. बंडूचा पक्ष लाल मेटॅलिक रंगाचा आणि अलॉय चाकांचा. काकू तटस्थ आहेत, कारण उन्हाळ्यात पापड वाळवायला ती सीट त्यांना सोयीची पडते. परदेशस्थ पक्षाला मत आहे, मतदानाचा हक्क नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. माझं म्हणणं इतकंच, की स्कूटर चालती करावी, पण चकचकीत करू नये.

हिचं माहेर सातारा, सासर सांगली. १९७५ साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. नंबर लावून स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबण्याचे ते दिवस. जुनं सांभाळणं हा आतबट्ट्याचा व्यवहार असं तुम्ही म्हणता, तर त्या कंपनीचंच उदाहरण घ्या. ती आज स्कूटर बनवत नाही. बजाज समूहातले शेअर सांभाळून बसली आहे, आणि शेअर बाजारात नाव अजून महाराष्ट्र स्कूटर्सच आहे. सांभाळण्यात तोटा असतो हे तिच्या भागधारकांना पटवायला तुम्हीच जा, मी येणार नाही.

मग चालतीच का? नुसती पुसून दिवाणखान्यात का नाही? कारण या यंत्राची ओळख डोळ्यांना कमी आणि हातापायांना जास्त असते. किक मारण्याआधी तिला एका बाजूला कलती करायची, डाव्या मुठीतला क्लच दाबून मनगटानेच गिअर फिरवायचा, पंपावर पेट्रोलच्या लिटरमागे वीस मिली ऑइल घालून घ्यायचं, पेट्रोल संपत आलं की वाकून कॉक रिझर्व्हवर टाकायचा. घरातल्या मागच्या पिढीच्या अंगात हे भिनलेलं आहे, पुढच्या पिढीला यातलं काहीच माहीत नाही आणि फोटो दाखवून ते कळायचंही नाही. मिरज तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या कारागिरांकडे जुना तंबोरा गेला की तारा नव्या चढतात, जवारी पुन्हा लावली जाते, भोपळा मात्र शक्यतो तोच राहतो. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वाजत नसलेल्या तंबोऱ्याला नुसतं पॉलिश करून द्या, असं तिथे कोणी सांगेल का? बंडूचा बेत नेमका तोच आहे.

आणि बंडूला एक सांगा, या स्कूटरला वेगळी चासी नसते. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा, सगळा भार त्याच्यावर. पायदानाखाली गंज धरला असेल तर त्यावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे धोका झाकून ठेवणं. आधी स्कूटर आडवी करून पायदानाखालचा गंज खरवडावा, कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा. रंगाची वेळ त्यानंतर, आणि तीही दुरुस्त केलेल्या भागापुरतीच. दुसरं, २०१९च्या पुराचं पाणी ओसरीवर आलं होतं. म्हणून उत्साहाच्या भरात कोणीही किक मारू नये. आत गाळ असला तर पहिल्याच किकेला तो पिस्टन आणि सिलिंडरला ओरखडे पाडतो. इंजिन उतरवून क्रँकचं बेअरिंग आणि ऑइल सील बदलावेत, पेट्रोलची टाकी धुऊन काढावी, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकून घ्यावेत, पॉइंट घासून त्यांचा गॅप लावावा. ब्रेकचे लायनर, केबल आणि टायर-ट्यूब मात्र नवेच. तिथे जुन्याचा अभिमान नको. सीटचं शिवलेलं रेक्झिन आणि डिग्गीवरचा पोचा यांना कोणीही हात लावू नये.

धुराचा तुमचा आक्षेप खरा आहे, तो मी नाकारत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. ही रचनेतलीच खोड आहे, मेकॅनिकची चूक नव्हे. म्हणूनच ती रोज बाजारात नेण्यासाठी नाही. रविवारी सकाळी घाटापर्यंत एक फेरी झाली, तर सांगलीची हवा आपल्यामुळे बिघडली असं म्हणायला फार मोठा अहंकार लागेल. खर्चाचं म्हणाल, तर चालती करण्याचा खर्च चकचकीत करण्यापेक्षा कमीच येतो, कारण पैसा जातो तो रंग, क्रोम आणि हौसेवर.

बंडू म्हणतो, थांबा, १९७८ची स्कूटर आहे, २०२८ला पन्नाशी भरली की व्हिंटेज नंबर घेऊ. २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या वाहनाला नव्या नोंदणीत 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो खरा, पण त्या नोंदणीची फी २०,००० रुपये, म्हणजे स्कूटरच्या मूळ किमतीहून जास्त. वर अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांसाठीच ती बाहेर काढायची. शिवाय ती मूळ रूपात लागते, त्यामुळे अलॉय चाकांचा निकाल सरकारनेच लावून टाकला आहे. इकडे ब्रिटनमध्येही चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर आणि वार्षिक तपासणी माफ आहे, पण मोठे फेरफार केले की तपासणीची माफी जाते. आपल्याला आरटीओचं साधं रिपासिंग बरं. एकदा दंड, पर्यावरण कर आणि नवी नंबर प्लेट उरकली की काकू मागे बसून देवळात जाऊ शकतात.

राहिला शेवटचा आक्षेप, जो तुम्ही लिहिला नाहीत, पण मला ऐकू आला: "तिकडे बसून सांगायला काय जातं?" काहीच जात नाही, हे कबूल. पण भंगाराचा भावही तुम्ही घरबसल्याच काढला होतात. म्हणून ठरवू या, इंजिन, पत्रा आणि रिपासिंग यांचं बिल माझ्याकडे पाठवा. मेकॅनिकच्या डोक्याशी बसायचं काम तुमचं, कारण ते पैशाने होत नाही. पॉइंटचा गॅप लावताना बंडूला शेजारी बसवा, आणि त्याचा मोबाइल काकूंकडे द्या.

आपला,
पुतण्या

ता. क. लाल मेटॅलिक रंगाचं बिल आलंच, तर ते साताऱ्याला आत्याकडे पाठवावं. बंडू तिचाच मुलगा आहे.