दाजींचा पहिला एपिसोड

साताऱ्यात हल्ली दर पेठेत एक तरी दाजी पॉडकास्ट काढायच्या तयारीत असतात. काढलेले थोडे, तयारीतलेच जास्त. ओळखायची खूण सोपी. निवृत्तीला दोन-तीन वर्षं झालेली, पोरगा पुण्यात आयटीत, माडीवरची खोली रिकामी आणि बोलता बोलता मध्येच 'गेन जरा कमी केला पाहिजे'. कधी काळी कुणाच्या तरी लग्नात सूत्रसंचालन ऐकून एक पाहुणा "आवाज लागतो हो तुमचा" म्हणून गेलेला असतो. तो गेला, पण दाजींनी ते मनावर घेतलं.

विषय ठरलेला: शाहूकालीन सातारा. भागीदारही ठरलेला: सांगलीचा मेहुणा. त्याच्याकडे विषय विष्णुदास भावे. १८४३ साली सांगलीत त्यांचं 'सीता स्वयंवर' नाटक माइकशिवाय झालं, हे काही दाजींच्या पचनी पडत नाही. "मग मागं बसलेल्यांना काय ऐकू आलं असंल?"

दाजींनी पोराकडून कंडेन्सर माइक मागवला. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, म्हणून इंटरफेस आला. इंटरफेसला जुना लॅपटॉप चालेना, म्हणून नवा आला. नव्याचा पंखा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो, म्हणून लांबलचक केबल आली. कंडेन्सर माइकचे कान भलतेच तिखट. दाजींचा आवाज तो घेतोच, शिवाय घंटागाडीचं गाणं, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या काकूंची कोथिंबिरीवरून चाललेली घासाघीसही घेतो. मग भिंतींना गोधड्या टांगल्या. खोलीत घुमणारा आवाज गोधडीत जिरतो, हे अगदी खरं. पण थंडी पडली की ताई अर्धा स्टुडिओ उतरवून खाली नेतात.

मेहुण्यानं मात्र गणपती मंडळाच्या साउंडवाल्याकडून साधा डायनॅमिक माइक उचलून आणला. तोंडापासून चार बोटांवर धरला की समोरच्याचं तेवढं ऐकतो, गल्लीतल्या भानगडींत फारसा पडत नाही. आपल्याकडच्या घरांना खरा हाच बरा. दाजींना तो बघवत नाही. "तसला भाषणाचा माइक? लोक काय म्हणतील?" पॉडकास्ट ऐकणाऱ्याला माइक दिसत नाही, हे त्यांना सांगायचं कुणी?

ऑडेसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून त्यावर दाजींचा विश्वास नाही. तरी घेतलं. त्यात खरखर पुसायची सोय आहे, पण त्यासाठी आधी काही सेकंद खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड करून तिचा नमुना द्यावा लागतो. तो नमुना कुठून आणायचा? दुपारी भंगारवाला, रात्री कुत्री, पहाटे काकड्याचे टाळ. दाजी गजर लावून रात्री दोनला उठले, तर रेकॉर्डिंगमध्ये त्यांचीच जांभई आली.

सातारा-सांगली फोनवरचा आवाज मध्येच तुटतो. म्हणून दोघांनी आपापला आवाज आपापल्या लॅपटॉपवर घ्यायचा, सुरुवातीला एकदम टाळी द्यायची आणि नंतर दोन्ही पट्ट्या त्या टाळीवर जुळवायच्या. पद्धत नामी आहे.

"पाव्हणं, तयार? एक, दोन, तीन!"

साताऱ्यात टाळी वाजली. सांगलीत सामसूम.

"दाजी, हातात माइक हाय की! टाळी वाजवू कशी?"

"मांडीवर मारा!"

मारली. तेवढ्यात खालून ताईंचा आवाज: "आरती सुरू केली व्हय? थांबा, निरांजन आणते."

आता गाडं ४४.१ किलोहर्ट्झ घ्यायचं की ४८, यावर अडलंय. बोलण्यापुरतं दोन्हींत कानाला काही फरक कळत नाही, फक्त दोघांनी एकच धरावं. पण मेहुण्यानं ४८ म्हटलं, म्हणून दाजी ४४.१ वर ठाम.

याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हा रेडिओ आहे, ९०.४ वर. तिथं गावातल्या बायाबापड्या माइकसमोर बसून मनातलं बोलून मोकळ्या होतात. हे दाजींच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "त्यांचं निराळं," आणि गेनचं बटण अर्धा वळसा फिरवलं.

दाजी बोलतात मात्र झकास. इंटरफेसचा दिवा विझला, चहा आला, की अजिंक्यताऱ्यावरून जी गाडी सुटते, ती थेट पानिपतापर्यंत. तुम्हाला पाहुणा म्हणून बोलावणं आलं तर जरूर जा. जाताना मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून खिशात ठेवा, दाजींना सांगून. आणि चॅनेल आत्ताच सबस्क्राइब करा. एपिसोड नसला तरी दाजी रोज सकाळी आकडा बघतात.