निषेधाची खोती

१९४९ च्या कायद्याने कोकणातली खोती मोडली असे सरकारदप्तरी नमूद असले, तरी हेदवीच्या पारावर सायंकाळी जी मंडळी जमते, तिच्यात परदेशच्या हुकूमशहांच्या निषेधाची खोती अद्यापि बिनबोभाट चालू असून, तिच्या तक्षिमा इतक्या चोख पडलेल्या आहेत की हद्दीवरून आजवर एकही तंटा झालेला नाही. मॉस्को-पेकिंगकडील जुलमांचा निषेध ही उजव्या तक्षिमेची वहिवाट. सांतियागोकडील जुलमांचा, डाव्या तक्षिमेची.

१९५६ च्या नोव्हेंबरात रशियन रणगाडे बुदापेस्टात शिरले तेव्हा उजवीकडचे डोळे पाणावले आणि डावीकडे ‘परिस्थिती गुंतागुंतीची आहे’ असा साक्षात्कार झाला. १९७३ च्या सप्टेंबरात सांतियागोच्या राष्ट्रीय क्रीडांगणात माणसे कोंडून त्यांचे हाल केले गेले, तेव्हा अश्रू आणि गुंतागुंत यांची अदलाबदल बिनखर्चाने पार पडली.

वसुलीचे काम मात्र कष्टाचे. मयत आपल्या तर्फेतला असेल तर त्याच्या वयाचा, विधवेचा, तान्ह्या लेकराचा सविस्तर पंचनामा करायचा. शेजारच्या तर्फेतला असेल तर ‘आकडे फुगविलेले दिसतात’ एवढा शेरा मारून कागद दप्तरी दाखल. त्यातून एखादा हुकूमशहा सकाळी या गोटात व सायंकाळी त्या गोटात गेला की खातेफोड आलीच. मग त्याच तळघरात, त्याच उपटलेल्या नखांनिशी पडलेला कैदी देशद्रोही म्हणून झोपी जातो आणि हुतात्मा म्हणून जागा होतो, व त्याला बिचाऱ्याला या बढतीची खबरही नसते.

दोहोंकडच्या मेलेल्यांसाठी एकच ठराव लिहावा, असे मी एकदा सुचविले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही तक्षिमदार एकदम माझ्यावर उलटले. ‘बुदापेस्टच्या वेळी कुठे होतात?’ एक गरजले. ‘आणि सांतियागोच्या वेळी?’ दुसरे.

अहो, कुठे असणार? हेदवीस होतो! दोन्ही वेळी हेदवीस होतो, आणि तुम्हीही याच पारावर सुपारी कातरीत बसला होता! ज्या बाईचा मुलगा त्या क्रीडांगणातून परतला नाही, तिला तुमची तर्फ काय चाटायची आहे? १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांच्या गोळ्या सुटल्या, तेव्हा दोघांच्याही सह्या एकाच कागदावर पडल्या होत्या की नाही? त्या दिवशी कोणी गुंतागुंत काढली नाही; मेलेली माणसे आपली होती, आणि गोळी लागली की रक्त येते एवढे ज्ञान पुरले.

यावर तक्षिमदारांनी परस्परांकडे पाहिले व सामाईक जमीन नेहमी पडीकच राहते, असा निर्वाळा दिला.

कालच आणखी एका देशात गोळीबार झाल्याचे वृत्त आले आहे. तेथील हुकूमशहा कोणाच्या तर्फेत मोडतो, याचा खुलासा करणारा अंक उद्याच्या एस.टी.ने यायचा असल्यामुळे निषेधाची सभा तूर्त तहकूब आहे.